दाढीचं दुखणं दाढेत?

प्रिय ताई,
आमचा बुवा म्हणजे चार वर्षांचा मिनिएचर श्नाउझर जातीचा कुत्रा. अंग करडं, दाढी मात्र पांढरी असायची. आता ती तोंडाभोवती तांबूस-तपकिरी पडलीय आणि तिला असा आंबूस वास मारतो की जवळ घेववत नाही. पाणी प्यायला की दाढीतून धार लागते, घरभर ओघळ. सासूबाई म्हणतात, ‘घरात एक दाढीवाला पुरे, ह्याची उडवून टाका.’ सासरे स्वतः दाढी राखून आहेत, ते बुवाच्या बाजूने. ग्रूमरने सगळं तोंड मशीनने साफ करायला सांगितलंय. मी दर रविवारी दाढी शांपूने धुते, विंचरते. पण दोनेक महिन्यांपासून फणी दिसली की बुवा गुरगुरतो, परवा तर हाताला दात लावले. दाढी काढली तर ती परत येते का? त्याला त्रास होईल का? आणि वास नक्की जाईल ना? बाकी तब्येत ठणठणीत आहे, फक्त हल्ली दोरी ओढायचा खेळ मध्येच सोडून देतो आणि खाताना मान एका बाजूला कलती करतो.
— दोन दाढ्यांमध्ये सापडलेली सून

दोन दाढ्यांमधल्या सूनबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा दाढीसाठी. दुसऱ्यांदा त्या शेवटच्या वाक्यासाठी, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. ‘बाकी तब्येत ठणठणीत’ म्हणून जे पुढे जोडलंय, तेच मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोरी ओढायला आवडणारा कुत्रा ती मध्येच सोडतो, मान कलती करून एकाच बाजूने चावतो, आणि जी फणी चार वर्षं चालली ती दोन महिन्यांपासून नको झाली. ह्या तीन गोष्टी एकत्र आल्या की मी आधी दाढीकडे बघत नाही, दाढेकडे बघते.

कुत्र्याच्या वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना एकेक मोठी दाढ असते, मांस कातरायची. कडक हाड, शिंग, दगड असलं काही चावताना हिचाच टवका उडतो. आतली नस उघडी पडली की जंतू मुळापर्यंत जातात आणि पू धरतो. तो बाहेर दिसतो कुठे, तर डोळ्याच्या खाली, गालाला सूज म्हणून. दाढीमिशांच्या कुत्र्यात ही सूज केसांआड लपून राहते. आणि कुत्री दात दुखतो म्हणून जेवण सोडत नाहीत, हे लक्षात ठेवा. ती दुसऱ्या बाजूने चावतात. म्हणून आपण म्हणतो, खातोय ना, मग ठीक आहे.

दाढच फुटली असेल असं मी इथे बसून सांगू शकत नाही. हिरड्या सुजल्या असतील, दातांवर कीटण चढलं असेल, ओठाखाली कातडी सोलवटली असेल, कानही दुखत असेल. पण चार वर्षांच्या लहान चणीच्या कुत्र्यात हिरड्यांचं दुखणं मुळीच नवलाचं नाही, आणि तोंडात पू असेल तर त्याचा वास दाढीत उतरणारच. अशा वेळी दाढी काढलीत तर वास तसाच राहील आणि बुवा बिनदाढीचा दिसेल, एवढंच.

तेव्हा ग्रूमरच्या आधी पशुवैद्याकडे. जाताना ‘दाढीला वास येतो’ एवढंच सांगू नका, नाहीतर शांपू लिहून मिळेल. दोरीचं सांगा, मान कलती करतो ते सांगा, कोणत्या बाजूला फणी नेली की गुरगुरतो ते सांगा. दाताचं बरंचसं दुखणं हिरडीच्या खाली असतं. त्यामुळे नीट तपासायचं तर भूल देऊन एक्स-रे काढावा लागतो. त्याला घाबरू नका. भूल न देता वरवर दात खरवडून पांढरे करून देतो म्हणणारे भेटतात, त्यात दुखणं मात्र आहे तिथेच राहतं.

घरी एक करून बघा, पण तो शांत असेल तेव्हाच, आणि गुरगुरला तर तिथेच सोडून द्या. तोंड उघडायचं नाही. शेजारी बसा, समोरून झुकू नका. एका हाताने हनुवटीखाली आधार द्या आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ नुसता वर सरकवा, पडदा बाजूला करतात तसा. मागच्या दाढा दिसतील. हिरडीची कड गुलाबी आहे की लालभडक, दातावर तपकिरी थर आहे का, दोन बाजूंत फरक आहे का, एवढं बघा. मग खालचा ओठ. सुळ्याच्या जरा मागे त्याला एक घडी असते. ती दोन बोटांनी हलकेच ताणा. आत लाली, चिकटपणा, केस कातडीला चिकटलेले दिसले तर वासाचा एक उगम तिथे सापडला. लाळ तिथे साचते, केस ती धरून ठेवतात, आणि ओल्या कोंदट जागेत जंतू आणि बुरशी आपला संसार मांडतात. ह्या घडीच्या जखमेला दाढीचा वास समजून लोक महिनोन्महिने सुगंधी फवारे मारत बसतात.

आता दाढीबद्दल. तुमची चूक झालीय, पण ती जवळजवळ सगळेच करतात. तुम्ही दर रविवारी दाढी धुता. बुवा ती रोज दहा वेळा भिजवतो. दाढी घाण होते त्यापेक्षा ती वाळत नाही, हे खरं दुखणं आहे. ओला पंचा बादलीत तसाच पडून राहिला तर दुसऱ्या दिवशी जो कुबट वास येतो, तोच हा वास, त्यात लाळ आणि अन्नाचे कण मिसळलेले. म्हणून धुण्यापेक्षा पुसणं महत्त्वाचं. पाण्याच्या भांड्याजवळ खिळ्याला एक जुना सुती नॅपकिन टांगून ठेवा. बुवा पाणी पिऊन वळला की जो कोणी जवळ असेल त्याने दाढी टिपायची. टिपायची, म्हणजे केस मुठीत धरून दाबायचे. चोळलं की गुंता होतो. हे काम सासऱ्यांना द्या. बुवाची बाजू घेतात ना!

खाऊन झालं की कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं तोंडाभोवती फिरवायचं, मग कोरडं. शांपू आठवड्यातून एकदा पुरे, तोही कुत्र्यांचा. आपल्या शांपूची आम्लता माणसाच्या कातडीला धरून असते, कुत्र्याची कातडी वेगळी. शांपू राहिला तर खाज, म्हणून लावण्याला लागेल त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या. नाकात पाणी जाऊ नये म्हणून नाक किंचित खाली झुकलेलं ठेवा. आणि धुतल्यावर पूर्ण वाळवल्याशिवाय सोडू नका.

भांडंही बदलून बघा. पसरट भांड्यात अख्खं थोबाड बुडतं. तोंडाशी अरुंद असलेलं, किंवा वर तरंगती चकती असलेलं भांडं मिळतं, ज्यात एका वेळी थोडंच पाणी वर येतं. त्यातून जीभ पोहोचते, दाढी कमी भिजते. प्लास्टिकचं असेल तर काढून टाका, त्याच्या चरांत थर बसतो आणि तो घासून निघत नाही. स्टील किंवा चिनी मातीचं घ्या आणि ते रोज घासा. अन्न पातळ असेल तर उथळ ताटली बरी.

तांबूस रंगाचं वेगळं आहे. लाळेत आणि अश्रूंत पॉर्फिरिन नावाचं एक रंगद्रव्य असतं. ते पांढऱ्या केसांवर बसलं की डाग पडतो आणि उन्हाने तो आणखी गडद होतो. काळ्या श्नाउझरलाही हे होतंच, दिसत नाही इतकंच. रंगलेला केस कशानेही पुन्हा पांढरा होत नाही. तो वाढून खाली येतो आणि आपण कापून टाकतो. म्हणून डाग घालवायची घाई करू नका. ओल कमी झाली, तोंडाचं दुखणं मिटलं की मुळाशी नवे केस पांढरे येताना दिसतील. तोच तुमचा निकाल. लाळ अचानक वाढली असेल तर डागही वाढतो, आणि लाळ दात दुखल्यावर वाढते. बघा, फिरून आपण तिथेच आलो.

डाग घालवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड, लिंबू, व्हिनेगर, टी-ट्री तेल ह्यांतलं काहीही तोंडाजवळ नको. जे दाढीला लावाल ते तो चाटणारच, आणि टी-ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी आहे. डाग घालवणाऱ्या काही पुड्या अन्नात मिसळायला मिळत. त्यांत टायलोसिन हे प्रतिजैविक असल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2014 साली उत्पादकांना ताकीद दिली होती. केसाच्या रंगासाठी कुत्र्याला महिनोन्महिने प्रतिजैविक घालायचं, ह्याला मी तरी शहाणपणा म्हणणार नाही. दात घासायला आपली टूथपेस्टही वापरू नका, काहींत झायलिटॉल नावाचा गोडीसाठी घातलेला पदार्थ असतो आणि तो कुत्र्याच्या जिवावर बेततो. आणखी एक, कुणी सांगेल की केसांना चमक यावी म्हणून खाण्यात तेल घाला. मिनिएचर श्नाउझरमध्ये रक्तातली चरबी वाढण्याचा आणि स्वादुपिंडाला सूज येण्याचा कल असतो. वैद्याला विचारल्याशिवाय एक थेंबही नको.

आता तुमचा मूळ प्रश्न, दाढी काढावी का. काढायला काहीच हरकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. लोक उगीच भावुक होतात. पूडल कुत्र्याकडे बघा. 2009 साली ‘सायन्स’ नियतकालिकात कुत्र्यांच्या केसांवरचं एक संशोधन आलं होतं. इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या केसांमागे मुख्यतः तीनच जनुकं आहेत असं त्यात निघालं. त्यांतलं आरएसपीओ-2 हे दाढी, मिशा, भुवयांचं. त्यातला बदल आईबापांपैकी एकाकडूनच आला तरी पिल्लाला दाढी फुटते, म्हणून दाढीवाल्याचं संकरित पिल्लूही बऱ्याचदा दाढी घेऊनच येतं. पूडलमध्येही हेच जनुक आहे. त्याचं तोंड गुळगुळीत दिसतं ते निव्वळ तासल्यामुळे. पिढ्यानपिढ्या त्याची दाढी काढली जातेय आणि कुणी त्याला बिचारा म्हणत नाही.

दाढी परत येते, काही महिने लागतात. दुखत नाही. लांब ताठ मिशा वेगळ्या. त्यांच्या मुळाशी भरपूर नसा असतात आणि अंधारात तोंडाजवळ काय आहे ते कुत्र्याला त्यांनी कळतं. त्या कापल्याने वेदना होत नाही, पण कारण नसताना मी त्यांना हात लावत नाही. उपटायच्या तर कधीच नाहीत.

पण मधला मार्ग आहे आणि श्नाउझरला तो शोभतो. त्याचं नावच तोंडावरून पडलंय, जर्मन भाषेत ‘श्नाउत्से’ म्हणजे जनावराचं थोबाड. जुन्या काळी हे कुत्रे तबेल्यात उंदीर मारत, दाढीमुळे उंदराचा चावा तोंडाला लागत नसे असं सांगतात. खरं असेल. तुमच्या घरात उंदरांशी लढाई नसावी, तेव्हा एवढ्या चिलखताची गरज नाही. ग्रूमरला सांगा, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गाल मशीनने साफ ठेव, पुढची दाढी राहू दे, पण बोटाच्या दोन पेरांएवढीच. आणि ओठांच्या कडेला, विशेषतः खालच्या ओठाच्या त्या घडीभोवती, अगदी बारीक. समोरून दाढी दिसेल, आत हवा खेळेल. दाढी पुढे विंचरून कापली की तोंड विटेसारखं चौकोनी दिसतं, श्नाउझरचा रुबाब त्यातच आहे.

हा मार्ग सगळ्या दाढीवाल्यांना सरसकट लागू नाही, हे इतर वाचकांसाठी. जायंट श्नाउझर, बूव्हिए, ब्लॅक रशियन टेरियर ह्यांची दाढी म्हणजे चालता स्पंज, तिथे नॅपकिन नाही, टॉवेल लागतो. बिअर्डेड कॉली प्रदर्शनात न्यायचा असेल तर दाढीला कात्री लावायची नाही. शिह त्झूचे नाकावरचे केस वर उगवतात आणि डोळ्यांत टोचतात, तिथे दाढीपेक्षा डोळ्याची काळजी आधी. वायरहेअर्ड पॉइंटरची खरखरीत आखूड दाढी फारसं काही मागत नाही, रानातून आल्यावर त्यात अडकलेली कुसळं तेवढी बोटांनी शोधायची.

फणी परत सुरू कराल तेव्हा, म्हणजे तोंड बरं झाल्यावर, धातूची घ्या, अर्धे दाते विरळ आणि अर्धे दाट असलेली. केसांचा झुपका कातडीजवळ दोन बोटांत घट्ट धरायचा, म्हणजे ओढ बोटांवर येते, कातडीवर नाही. आधी टोकाचे केस, मग हळूहळू मुळाकडे. जट सापडली तर त्यात चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी फोडा, केस सुटे व्हायला मदत होते. तरी नाहीच सुटली तर कातडी आणि जट ह्यांच्यामध्ये फणी सरकवायची आणि फणीच्या वरून, बोथट टोकाच्या कात्रीने कापायची. हा फणीचा नियम मी पुस्तकात वाचून शिकले नाही. माझ्या पहिल्या कुत्र्याच्या हनुवटीखालची जट मी घाईत थेट कात्रीने उडवली, आणि जटेबरोबर ओठाची कडही कातरली. जटेने कातडी वर ओढून घेतलेली असते, ते केसांत दिसत नाही. चीर बारीकशीच होती, पण रक्त बरंच आलं, आणि पुढचं वर्षभर कात्रीचा आवाज आला की तो पलंगाखाली जायचा.

म्हणून बुवाच्या गुरगुरण्यावर रागावू नका. परवा त्याने दात लावले पण चावला नाही, ह्याचा अर्थ तो अजून सांगतोय. गुरगुरल्याबद्दल शिक्षा केली तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. बरा झाल्यावर फणी नुसती जमिनीवर ठेवा, त्याने वास घेतला की खाऊ. दुसऱ्या दिवशी फणीची पाठ खांद्याला लावा, खाऊ. दाढीपर्यंत पोहोचायला दोन आठवडे लागले तरी लागू द्या. एका वेळी तीनदा फणी फिरवून थांबायचं, त्याला कंटाळा यायच्या आधी.

सासूबाईंसाठी एक गंमत. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना प्रश्न पडला होता की माणसांच्या एमआरआय यंत्रात कुत्र्यांना तपासलं तर चालेल का. त्यांनी 18 दाढीवाले पुरुष आणि 30 कुत्रे घेऊन जंतू मोजले. अठराच्या अठरा पुरुषांच्या दाढीत जंतूंचं प्रमाण भरपूर निघालं, कुत्र्यांपैकी तेवढं 23 जणांच्या केसांत. अर्थात कुत्र्यांचे केस अंगावरचे होते, दाढीतले नव्हते, त्यामुळे हा पुरावा फार ताणू नका. आणि सासऱ्यांसमोर वाचूनही दाखवू नका. तरी बुवाला बाहेर काढायची वेळ आलीच, तर ही आकडेवारी हाताशी असू द्या.

ह्याच आठवड्यात वैद्याची वेळ घ्या. डोळ्याखाली सूज दिसली, तोंडातून रक्त किंवा पू आला, किंवा त्याने खाणं सोडलं, तर थांबू नका, त्याच दिवशी न्या. तोवर नॅपकिन चालू ठेवा, दुखऱ्या बाजूला नुसतं हलकं टिपा, दोरी आणि कडक खेळणी उचलून ठेवा. फणी कपाटात.

— ताई